इंजिन सुरू झाले म्हणजे धोका टळला, असे नाही

गोव्यातून वैमानिक प्रशिक्षणासाठी कॅनडाला किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात जाणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. लहान विमानात मल्टिग्रेड (थंडी आणि उष्णता दोन्हींत चालणारे) तेल असेल तर कडाक्याच्या थंडीतही इंजिन आधी तापवणे हा वायफळ खर्च आहे; इंजिन दाद देत नसेल तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) चार-पाच वेळा मागेपुढे करावा, प्रोपेलर हाताने फिरवून तेल पातळ करावे आणि इंजिन सुरू होताच आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वाढवावेत, असा त्याचा आशय आहे. हे सल्ले इंजिनाची हानी करणारे आहेत आणि त्यांतील दोन तर जिवावर बेतू शकतात, म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

मल्टिग्रेड तेलाचा युक्तिवाद आपल्याकडे चटकन पटतो, कारण दाबोळी किंवा मोपा येथे जानेवारीच्या पहाटेही पारा २० अंशांच्या आसपास असतो आणि थंडी म्हणजे बाटलीत गोठलेले खोबरेल, एवढाच आपला अनुभव असतो. मल्टिग्रेड तेल थंडीत तुलनेने प्रवाही राहते, हे खरेच आहे. पण प्रश्न केवळ तेलाचा नाही, धातूचाही आहे. या इंजिनांचे क्रँककेस (बाहेरचे कवच) ॲल्युमिनियमचे आणि त्यात बेअरिंगवर फिरणारा क्रँकशाफ्ट (मुख्य दांडा) पोलादाचा असतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावत असल्यामुळे तीव्र थंडीत बेअरिंगमधील फट इतकी अरुंद होते की तेल कितीही चांगले असले तरी त्याला तेथे पुरेशी जागा उरत नाही. इंजिन सुरू होते, आवाजही नेहमीसारखा येतो आणि झीज मात्र पहिल्या काही मिनिटांतच होऊन जाते. म्हणूनच लहान विमानांची इंजिने बनवणाऱ्या कंपन्यांपैकी लायकमिंग आपल्या बहुतेक इंजिनांसाठी उणे १२ अंश सेल्सिअसखाली, तर काँटिनेंटल उणे ७ अंशांखाली इंजिन आधी तापवण्यास सांगते. तापवणेही वरवरचे असून चालत नाही. गरम हवेचा झोत थोडा वेळ सिलिंडरवर सोडला की इंजिन सुरू होते खरे, पण तेलाच्या नळ्यांत आणि तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये तेल घट्टच राहते व पुढे पूर्ण शक्ती देताच बेअरिंग कोरडे पडू शकते. सिलिंडर, क्रँककेस, तेलाची टाकी आणि कूलर या सर्वांत ऊब मुरेपर्यंत थांबावे लागते.

थ्रॉटल मागेपुढे करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर बहुधा इंजिनाच्या खालच्या बाजूस असतो. स्टार्टर फिरत नसताना थ्रॉटल हलवला, तर त्यातील ॲक्सिलरेटर पंपाने (थ्रॉटल पुढे करताच जादा पेट्रोल फेकणाऱ्या पंपाने) फेकलेले पेट्रोल वर सिलिंडरकडे न जाता खाली हवेच्या मार्गात साचते आणि इंजिनाने उलटा भडका मारताच पेट घेते. सुरू करण्यापूर्वी इंधन देणारा प्रायमर हा छोटा पंप सिलिंडरच्या तोंडाशीच इंधन सोडतो, म्हणून तो वापरावा, आणि तोही विमानाच्या पुस्तिकेत सांगितला आहे तेवढाच. तरीही आग लागलीच तर स्टार्टर थांबवू नये. इंजिन सुरू झाल्यास ज्वाळा आत ओढल्या जातात.

हाताने प्रोपेलर फिरवल्याने तेल तापत नाही, आणि स्पार्क प्लगला वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोला इंजिनाच्या धातूशी जोडून बंद ठेवणारी (ग्राउंड) तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडून इंजिन झटका घेऊ शकते. फिरवणाऱ्याचा हात त्या वेळी पात्यावरच असतो.

सुरू होताच आरपीएम वाढवणे म्हणजे तेल पोहोचण्याआधीच भार टाकणे होय. साधारण १००० आरपीएमवर इंजिन ठेवून तेलदाबाकडे लक्ष द्यावे. सेसना १७२ या प्रशिक्षणाच्या लहान विमानाच्या पुस्तिकेनुसार उन्हाळ्यात ३० सेकंदांत आणि कडक थंडीत सुमारे त्याच्या दुप्पट वेळात दाब दिसला नाही, तर इंजिन बंद करावे. इंजिन दोन-चार ठोके देऊन बंद पडले, तर ज्वलनातून निर्माण झालेले पाणी स्पार्क प्लगवर गोठलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी स्टार्टर फिरवत राहून बॅटरी संपवण्याऐवजी इंजिन पुन्हा तापवावे किंवा प्लग काढून गरम करावेत.