राउटरचं ४४५ पोर्ट उघडू नका

काल रात्री चिपळूणहून मामाचा फोन आला. "अरे, राउटरमध्ये ते ४४५ पोर्ट कुठून उघडायचं?" मी दचकलोच. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'पावसाळ्याआधी एवढं कराच' असा मेसेज फिरतोय. आता तो मलाही तीन ठिकाणांहून आलाय. सल्ला असा: कागदपत्रं स्कॅन करून घरच्या नॅसवर (राउटरला जोडलेला, सगळ्या घराच्या फायली ठेवायचा डिस्कचा डबा) टाका, नॅस दिसेनासा झाला तर विंडोजमध्ये एसएमबी-१ (नेटवर्कवर फायली शेअर करायची जुनी पद्धत) सुरू करा, बाहेरगावाहून फायली उघडायला राउटरचं ४४५ पोर्ट उघडा, दोन डिस्क असतील तर वेगळा बॅकअप नको, इंटरनेट गेलं तरी नॅस चालतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात मामाच्या घराच्या कागदांचा लगदा झाला होता. म्हणून तो असं काही वाचलं की लगेच करायला घेतो, आणि म्हणूनच मला या मेसेजचा राग येतो.

पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं क्रमांकाचं दार, आणि ४४५ हे विंडोजच्या फाइल शेअरिंगचं पोर्ट. ते इंटरनेटकडे उघडलं की घरच्या नॅसचं दार जगातला कोणीही ठोठावू शकतो, आणि अशी उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच पोर्टवरून, एसएमबी-१ मधल्या भोकातून. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबीचंच काम पाहणाऱ्या नेड पाइल यांनी लेख लिहिला होता, त्याचं शीर्षकच 'एसएमबी-१ वापरणं थांबवा'. पुढे विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमधून एसएमबी-१ टप्प्याटप्प्याने काढलं गेलं. कंपनीने स्वतः काढून टाकलेली गोष्ट हा मेसेज परत बसवायला सांगतो, वर दारही उघडं ठेवायला सांगतो. आत काय, तर अख्ख्या घराचे आधार, सातबारे आणि विम्याचे कागद! बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा कुलूपबंद बोगदा) लावा. जमत नसेल तर बाहेरून बघू नका.

मामाची अडचण वेगळीच निघाली. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रोचं २४एच२ अपडेट आलंय. त्यानंतर पासवर्डाशिवाय, गेस्ट म्हणून, नॅस उघडत नाही. त्याचा नॅस तसाच उघडा होता. नॅसवर त्याच्या नावाचं खातं केलं, पासवर्ड दिला, नॅसचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. 'नेटवर्क'मध्ये नाव तरीही दिसेना, तेव्हा फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि पुढे नॅसचा आयपी पत्ता टाकायला लावला. उघडला. तो पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये राखून ठेवला. एसएमबी-१ ला हातही लावावा लागला नाही.

अगदी जुन्या नॅसला फक्त एसएमबी-१ च कळतं, हे मान्य. मग तेवढ्यापुरतं सुरू करा, फायली काढून घ्या, बंद करा आणि तो नॅस निवृत्त करा.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही एकाच डब्यात, त्यामुळे पाण्यात जातील त्या एकत्रच. आणि दुसरी डिस्क पहिलीची हुबेहूब नक्कल ठेवत असेल, तर चुकून पुसलेली फाइलही दोन्हीकडून पुसली जाते.

इंटरनेटशिवाय नॅस चालतो, हे खरं आहे. पण राउटर आणि नॅस दोघांना वीज लागते, आणि पुरात पहिली जाते ती वीजच. दोन्ही यूपीएसवर हवेत.

रविवारी मी चिपळूणला जातोय. नॅसमधलं सगळं एका हार्ड डिस्कवर घेऊन ती पुण्याला माझ्या घरी आणून ठेवणार आहे.