सुखाचे महिने

चौथा लागला तसं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सुखाचे महिने." उलट्या थांबतील, भूक लागेल, अंगात जीव येईल. तिन्ही खरं झालं. पण चौदा ते सत्तावीस या आठवड्यांत पोट दिसायला लागतं, आणि एकदा दिसलं की त्यावर अख्ख्या सांगलीचा हक्क असतो, हे त्या बोलल्या नाहीत.

विश्रामबागेत मेथीची जुडी घ्यायला थांबले, तर भाजीवाल्या मावशी आधी पोट बघतात, मग सुटे पैसे. "टोकदार हाय, मुलगाच बघा." वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्याच पोटात मुलगी दिसते, कारण मला गोड खावंसं वाटतं. सोनोग्राफीच्या दारावर मात्र गर्भलिंग निदान हा गुन्हा असल्याची ठळक पाटी. १९९४ च्या कायद्याने मशीनवाल्यांचं तोंड बंद केलं. मावशी मोकळ्याच.

विसाव्या आठवड्याच्या आसपास मोठी सोनोग्राफी झाली. डॉक्टर दाखवत होते: हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडं. नवऱ्याला कोयनेवर जमलेल्या ढगांपलीकडे काही दिसलं नाही, पण मान जोरात हलवत होता. त्याच सुमारास पोटात काहीतरी सुळकन हललं. मी गॅस समजून ओवा चघळला. पहिलटकरणींना असंच वाटतं म्हणे. पुढे ओव्याला न जुमानता हालचाल वाढत गेली, तेव्हा पटलं.

पायात रात्री गोळे येतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, नाक उगाच चोंदतं. याची कुणाला पडलेली नसते. गोळ्यांचं वेळापत्रक मात्र सगळ्यांना पाठ. लोहाची लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची दुधाबरोबर, दोन्ही एकत्र चालत नाहीत, आणि लोहाच्या आगेमागे चहा नाही. जिच्याकडे जावं ती आधण ठेवूनच दार उघडते, अशा गावात हे कसं जमवायचं?

आणि मग साखरेची तपासणी. ती चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत करतात. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, आकडा १४० च्या आत हवा. इतकं गोड मी लग्नाच्या पंगतीतही खाल्लेलं नाही. नर्सताई बजावून गेल्या, "उलटी झाली तर पुन्हा प्यावं लागेल हं." त्यानंतर मी श्वाससुद्धा बेतानं घेतला.

सोबत सासूबाई होत्या, आणि त्यांच्या पिशवीत भडंग.

"दोन घास खा की गं, तोंडाला चव येईल."

"आई, रक्त देईपर्यंत काही खायचं नाही."

"भडंग म्हणजे काय खाणं हाय होय?"

बाकावर दोन तास. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत लसणाचा खमंग वास. भिंतीवरचं घड्याळ बहुधा बंदच असावं, असं मी दोनदा नर्सताईंना सुचवून पाहिलं.

शेवटी हाक आली. रक्त देऊन, भडंगावर तुटून पडायच्या तयारीनं बाहेर आले, तर पुडी बाकावरच्या सगळ्या सासवांमध्ये फिरून रिकामी झाली होती. आणि आमच्या सासूबाई दुसऱ्याच कुणाच्या सुनेचं पोट न्याहाळत, बारीक आवाजात निकाल देत होत्या.