जळमटं काढा, कोळी राहू द्या

नवरात्र जवळ आलं की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज ठरलेले. एक वर्गणीचा, दुसरा पेस्ट कंट्रोलचा. यंदा दुसऱ्याखाली कुणीतरी लिहिलं, "कोळ्यांसाठी पण मारायला सांगा, फार झालेत." खाली पटापट अंगठे. मी अंगठा दिला नाही. का, ते ग्रुपवर सांगितलं असतं तर वाद पेटला असता, म्हणून इथे लिहितेय.

दसरा काढायला माझा अजिबात विरोध नाही. छताच्या कोपऱ्यात लोंबणारी काळपट जळमटं मलाही बघवत नाहीत. पण झाडू लावण्याआधी एकदा वर टॉर्च मारून बघा. धूळ धरलेल्या जाळ्यात बहुतेकदा कुणी राहतच नसतं. कोळी कधीच दुसरीकडे गेलेला असतो. राहतं जाळं सहसा नजरेतही भरत नाही.

आमच्या बाथरूममध्ये गीझरच्या वर एक लांब पायांची बाई आहे. (बाईच, कारण मध्यंतरी तिच्या तोंडात अंड्यांचा पुंजका होता.) ही जात अंड्यांसाठी जाडजूड कोश विणत नाही. चार धाग्यांत बांधलेली अंडी जबड्यात धरायची आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तशीच लटकून राहायचं. बोट जवळ नेलं की ती जाळ्यात इतकी जोरात गरगरते की नुसतं धूसर काहीतरी दिसतं. "हा जगातला सगळ्यात विषारी कोळी, फक्त दात लहान" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. थाप आहे ती.

ती खाते काय? डास, चिलटं, कधीकधी दुसरे कोळीसुद्धा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, कपाटामागे विसावतो आणि हिची जात नेमकी तिथेच जाळं लावते. म्हणून कोळी पाळले की डेंग्यू गेला, असं नाही हं. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला आपणच रिकाम्या करायच्यात.

खरी बोंब होते ती मोठ्यावरून. तपकिरी, चपटा, पाय पसरले की तळहात भरेल एवढा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई त्याला बघून एकदा अख्खी बादली सोडून पळाल्या होत्या. हा जाळं विणतच नाही. दिवसभर कालनिर्णयच्या मागे चिकटून बसतो आणि रात्री झुरळांच्या मागे लागतो. मादी असेल तर पोटाखाली पांढरट चपटी अंड्यांची पिशवी घेऊन फिरते. चिमटीत पकडलात तर चावेल, दुखेल, थोडं सुजेल, उतरेल. एरवी तो आपल्यापासून लांब पळतो. अगदीच नको असेल तर वरून मोठं पातेलं ठेवा, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवा आणि बाहेर झाडात सोडा. पत्रिका जाड बघून घ्या.

आणि ते "कोळी मुतला" प्रकरण. पावसाळ्यात सकाळी मानेवर जळजळीत लाल पट्टा, त्यावर फोड, की घरातले मोठे लगेच कोळ्यावर बिल फाडतात. कोळ्याच्या मुताने असं काही होत नाही. पुष्कळदा हा उद्योग दिव्यावर येणाऱ्या एका बारीक, काळ्या-नारिंगी किड्याचा असतो. झोपेत तो अंगावर चिरडला की त्याच्या अंगातल्या रसायनाने कातडी भाजते. कधी ती चक्क नागीण असते. नागीण असेल तर औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालेलं बरं, त्यामुळे कोळ्याला शिव्या देत लेप लावत बसू नका, डॉक्टरकडे जा.

खिडकीच्या चौकटीवर टुणटुण उड्या मारणारा छोटा कोळी तर माझा लाडका. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोठे, आणि आपण हललो की वळून चक्क आपल्याकडे बघतो. याच कुळातली एक नवी जात ठाणे-कल्याण परिसरात सापडली आणि 2021 मध्ये तिला इशियस तुकारामी असं नाव दिलं गेलं. 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबला घट्ट धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंचं नाव. हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

फवारणीत माझी खरी अडचण अशी की औषधाने कोळी मरतात आणि कोळी ज्यांच्यामागे येतात ते महिन्याभरात परत येतात. खरकटं, गळणारा नळ, ओट्याखालच्या फटी तशाच असतात ना! म्हणून यंदा आमच्या फ्लॅटपुरतं मी सांगितलंय: फटींमध्ये झुरळांचं जेल लावा, भिंतींवर आणि छताला फवारा नको. मागच्या अंगणातल्या तगरीवर तर अजिबात नको. तिच्यावर एक पट्ट्यापट्ट्यांची कोळीण चार पाय वर, चार खाली असे जोडीजोडीने ताणून फुलीसारखी बसलीय, जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी काढून. माळीकाकांनाही छाटणी दिवाळीनंतर करा म्हटलंय.

बिल्डिंगमधल्या ज्या कुणाला मोठा कोळी दिसेल त्यांनी चप्पल उचलण्याआधी मला फोन करा, पातेलं आणि पत्रिका घेऊन येते. झुरळासाठी मात्र करू नका, त्याला मीही घाबरते.