‘चित्रात बॉम्ब कुठाय?’ म्हणणाऱ्या अनामिकांना उत्तर

अनामिक महोदय, जपानी चित्रकार इकुओ हिरायामांच्या ‘बुक्क्यो देनराय’ (बौद्ध धर्माचं आगमन) या चित्रावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत, "चित्रकाराचं दुखणं चित्राला चिकटवून गळे काढता, चित्रात बॉम्ब कुठेच नाही. हौशी लोकांनी समीक्षेच्या फंदात पडू नये." वर घोड्याबद्दल, त्यातल्या ह्युएनत्संग या चिनी भिक्षूच्या कपड्यांबद्दल आणि फोटोबद्दल चार ओळी. फोटोचं मान्य, कॅटलॉगचं पान चकाकतंय, बदलतो.

आता ‘हौशी’. मतभेद असू देत की, पण हे काय बोलणं झालं? मी गणपतीच्या कारखान्यात वाढलोय, आजोबा सरस (हाडा-कातड्याचा डिंक) उकळून त्यात रंग कालवायचे, तो वास अजून नाकात आहे. जपानी चित्रकारही तेच करतात, दगड कुटून केलेली पूड सरसात कालवायची, पूड जाड असेल तर रंग गडद, बारीक असेल तर फिका. हे मला कुठल्या सेमिनारमध्ये कळलेलं नाही. तुम्ही कधी सरसात बोट तरी बुडवलंय का?

बरं, बॉम्ब. चित्रात घोड्यांवर भिक्षू आहेत, बॉम्ब नाही, हे मलाही दिसतं हो, डोळे आहेत मला. पण ६ ऑगस्ट १९४५ ला १५ वर्षांचा हा पोरगा, म्हणजे हिरायामा, हिरोशिमातच होता, शाळेतून कामाला लावलेला, आणि पुढे तिशीच्या आत त्या बॉम्बच्या किरणांपायी रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या की मरायच्या आधी मनासारखं एक तरी चित्र व्हावं असं त्याला वाटत होतं. हे मी चिकटवलेलं नाही, हिरायामांनी स्वतः सांगितलंय. तेवढ्यात सिल्क रोडवरून ऑलिम्पिकची मशाल आणावी अशी काहीतरी बातमी पेपरात वाचली आणि त्यातून ह्युएनत्संग सुचला, वाळवंटात पाण्याची पखाल सांडली, चार रात्री पाच दिवस थेंब नाही, तरी मागे न फिरलेला माणूस. मरणाच्या भीतीत असलेल्याने १९५९ साली नेमका हाच भिक्षू का काढावा, याचा विचार तुम्ही केलात का, की कमेंटची घाई होती?

आणि बॉम्ब दिसायलाच हवा असेल तर हिरायामांचंच १९७९ चं ‘हिरोशिमा शोहेन्झू’ हे चित्र बघा, अख्खं शहर लाल, वर ज्वाळांत फुदो म्योओ हा उग्र बौद्ध देव. ते काढायला हिरायामांना ३४ वर्षं लागली. जे थेट काढवत नव्हतं ते आधी भिक्षूच्या वाटेने आलं असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी सोडणार नाही. पुढे आयुष्यभर त्याच वाटेवर राहिले, २००० साली याकुशीजी देवळातली ह्युएनत्संगच्या प्रवासाची भित्तिचित्रं पुरी केली. आता ते सगळं पण मीच चिकटवलं म्हणा!

जाता जाता, हाच ह्युएनत्संग पुलकेशीच्या काळात आपल्याकडे येऊन गेला आणि लिहून गेला की इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतात, पण आधी शत्रूला कळवून. तर कळवतोय.

घोडा, कपडे वगैरेवर बोलण्यात अर्थ नाही, तो प्रवासवर्णनाचा पुरावा नाहीये, चित्र आहे. पुढची कमेंट नाव टाकून करा, नाहीतर अप्रूव्ह होणार नाही.