मास्कवरची फूट अडाणीपणातून आली नव्हती

कोरोनात मास्क घालणारे शहाणे आणि न घालणारे अडाणी, अशी समाजाची सरळ वाटणी मास्कवरून पडलेल्या फुटीवरच्या एका लेखात केली आहे. बेळगावात राहून ती मला पटत नाही.

आमच्याकडे लोक चिडले ते दुजाभावावर. ऑक्टोबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मास्क नसेल तर शहरात १००० आणि खेड्यात ५०० रुपये दंड लावला, ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो २५० आणि १०० वर आणला. गणपत गल्लीत रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईने हजार रुपये आणायचे कुठून? आमचे बेळगावचे खासदार सुरेश अंगडी कोरोनानेच गेले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला, दुसरी लाट चढत असताना झाली. प्रचाराला गर्दी, मास्क हनुवटीवर. आणि इकडे राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआर रिपोर्ट मागत होते. आमची निम्मी सोयरीक कोल्हापूर, गडहिंग्लजकडे आहे हो!

मास्क नको होता असं मी मुळीच म्हणत नाही. लक्षणं नसलेल्याकडूनही लागण होत होती, म्हणून तो समोरच्यासाठीही घालायचा होता. हेच आशाताईंनी, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, दारात येऊन समजावलं की आमच्या गल्लीतली माणसं ऐकायची. पोलिसाने पावती फाडली की तीच माणसं हुज्जत घालायची. लेखकाने निपाणी-खानापूरकडच्या आशाताईंशी बोलून पुढचा लेख लिहावा, ही मनापासून विनंती.