कॅमेरा कोणता घेऊ म्हणता? आधी सांगा, फोटोत कोण नाहीये

सुट्ट्या जवळ आल्या की मला हमखास एक मेसेज येतो. "तू इतके फोटो काढतेस, तर सांग ना, घरच्यांचे आणि फिरायला गेल्यावरचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घेऊ?" पूर्वी मी लगेच सुरू व्हायचे. सेन्सर, लेन्स, डायनॅमिक रेंज... समोरचा "हं, हं" करत राहायचा आणि शेवटी जो स्वस्तात मिळेल तो घ्यायचा. आता मी उलट विचारते, तुमच्या घरच्या फोटोंत कोण दिसतच नाही?

आमच्याकडे याचं उत्तर होतं, मी. लेकीच्या जन्मापासूनची नऊ वर्षं एकदा निवांत चाळली. हजारो फोटो आणि त्यात मी आहे असे चौदा. त्यातल्या दोनांत माझी फक्त सावली आहे.

लेक झाली तेव्हा मी हौसेने डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घेतला. अठरा-पंचावन्न, पंचावन्न-दोनशेपन्नास मिलिमीटरच्या अशा दोन लेन्स, चार्जर, फिल्टर आणि हे सगळं कोंबलेली काळी बॅग. चांगले फोटो यायचे, खोटं कशाला बोलू. पण तो कॅमेरा माझा होता, घराचा नव्हता. मी तो माझ्या सवयीने लावून ठेवलेला, फोकसचा एकच ठिपका, बरोब्बर मध्यभागी. "आता माझा आणि हिचा काढ" म्हणून नवऱ्याच्या हातात दिला, की तो बिचारा आम्हा दोघींना चौकटीच्या मधोमध घ्यायचा, ठिपका आमच्या दोघींमधल्या फटीत पडायचा आणि मागचा डोंगर पानन् पान मोजता येईल इतका स्पष्ट यायचा. आम्ही दोघी धुक्यात. असं चार-पाचदा झाल्यावर तो म्हणाला, "तूच काढ बाई, तुझा चांगला येतो." सासूबाई तर त्याला हातच लावायच्या नाहीत, "पडला-बिडला तर?" म्हणून. चूक त्यांची नव्हती. मी कॅमेरा घेतला होता फक्त माझ्यासाठी आणि नाव मात्र घराचं होतं.

म्हणून आता माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर चेहरा आणि डोळे ओळखणारा ऑटोफोकस असतो. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक मिररलेस (डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेल्या, आटोपशीर) कॅमेऱ्यांत तो इतका भरवशाचा झालाय, की कोणीही बटण दाबलं तरी फोकस डोळ्यांवर बसतो. हौशी फोटोग्राफरला ती सोय वाटेल. घरच्या कॅमेऱ्याचा तर सगळा डोलाराच तिच्यावर उभा आहे, कारण तिच्यामुळे कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देता येतो.

मेगापिक्सेलचं काय, हे लोक अजून विचारतात. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्यात जेमतेम १०,००० पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तिथून निघालेल्यांनी पिक्सेल वाढवत नेणं रास्तच होतं. पण चार बाय सहा इंचांचा फोटो उत्तम छापायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, आणि फोरके टीव्हीच्या पडद्यावर एकूण ठिपके असतात साधारण ८३ लाख, म्हणजे सव्वाआठ मेगापिक्सेल. आज दुकानातला जवळजवळ कुठलाही कॅमेरा याच्या पुढेच आहे. हा प्रश्न सुटून जमाना झाला.

न सुटलेला प्रश्न आहे संध्याकाळी घरातल्या दिव्याच्या उजेडाचा. घरातले मोलाचे क्षण बहुतेक याच उजेडात घडतात. लेक उड्या मारतेय, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवतेय, आजोबा हसता हसता मान वळवतायत. इथे माणूस हलतो आणि फोटो फसतो. "अहो, यात स्टॅबिलायझेशन आहे" असं विक्रेता सांगेल. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, पोराची उडी थांबवत नाही. उडी थांबवायला शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद हवं, आणि तेवढ्या क्षणात पुरेसा प्रकाश आत यायला लेन्सचं तोंड मोठं हवं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स थोडी झूम केली की एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्स १/२५ सेकंद मागेल, तिथे ही १/२५० मध्ये काम उरकते. एकीत लेकीचा नुसता फराटा उमटतो, दुसरीत लेक दिसते.

आणि फोटोत थोडे दाणे आले तर येऊ द्या. ऑटो आयएसओ लावा (उजेड कमी पडला की कॅमेरा आपणच चित्र उजळतो, दाणे त्यातूनच येतात), शटरची किमान मर्यादा ठरवून द्या आणि विसरून जा. दाणेदार फोटो आपण वीस वर्षांनीही बघतो. हललेला फोटो त्याच रात्री डिलीट होतो.

सेन्सरबद्दल, म्हणजे आत प्रकाश टिपणाऱ्या चकतीबद्दल, थोडक्यात. जितका मोठा, तितका कमी उजेडात बरा. स्वस्त कॉम्पॅक्टमधल्या नेहमीच्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असतं. ज्याला 'एक इंची' म्हणतात त्याचं ११६, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतल्या एपीएस-सीचं साधारण ३६५ आणि त्याहून मोठ्या फुल फ्रेमचं ८६४. (एक इंची सेन्सर कुठूनही मोजा, एक इंच भरत नाही. कर्णसुद्धा १६ मिलिमीटर. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चिकटलंय. या धंद्यात असली गंमत पुष्कळ.) माझ्या मते घरच्यांसाठी एक इंची ही खालची हद्द. त्याखाली जायचं असेल तर फोनच बरा, कारण फोन तेवढ्याशा सेन्सरवरही सात-आठ फोटो एकावर एक रचून चित्र उजळून देतो. पाण्यात खेळणाऱ्या मुलांसाठी मिळणारे दणकट वॉटरप्रूफ कॅमेरे याला अपवाद. दिवसा, पाण्यात झकास, रात्री घरात रडका कारभार.

झूमच्या मोहात पडू नका. निकॉनचा पी१००० चोवीसपासून ३००० मिलिमीटरपर्यंत जातो (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), चंद्रावरचे खड्डे दाखवतो आणि भरतो एक किलो चारशे ग्रॅम. चंद्र काय आपल्या घरचा आहे? घरच्यांचे फोटो चोवीस ते सत्तरमध्ये बसतात, आणि त्यापुढे दोन पावलं चालावं.

"मग फोनच काय वाईट?" काहीच वाईट नाही. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, आता त्याचा किरकोळ अंश जातो, आणि ते फोनमुळेच. पण फोन ज्याचा त्याचा असतो. त्याला कुलूप असतं, त्यात मेसेज येतात. मी माझा फोन लेकीच्या हातात दिला की पाचव्या मिनिटाला ती गेम खेळत असते. टेबलावर पडलेला छोटा कॅमेरा कोणीही उचलावा, एक फोटो काढावा आणि परत ठेवावा, हे फोनच्या बाबतीत होत नाही.

तर माझं मत असं. एकच वस्तू हवी, भानगड नको, तर एक इंची सेन्सरचा खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्सच्या कुळातला. थोडी हौस असेल तर छोटी एपीएस-सी मिररलेस आणि त्यावर पस्तीसच्या आसपासची एफ १.८ ची एकच लेन्स. दुसरी लेन्स वर्षभर घेऊ नका. आणि दुकानात तुम्ही स्वतः कॅमेरा हाताळून बघूच नका. घरात ज्याला या यंत्रांचं सगळ्यात वावडं आहे त्याच्या हातात द्या, काही शिकवू नका, आणि "माझा एक फोटो काढ" म्हणा. काय येतं ते बघून ठरवा.

निघण्यापूर्वी घड्याळ तेवढं लावा. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र केले आणि एकाचं घड्याळ चुकीचं असलं, की आधी घरी परतल्याचे आणि मग समुद्राचे फोटो येतात. जास्तीची बॅटरी विमानात हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात टाकायची नाही.

आमची काळी बॅग आता कपाटावर असते. गेल्या सुट्टीत छोटा कॅमेरा नेला आणि पहिल्या दिवसापासून लेकीच्या गळ्यात घातला. पोस्टसोबतचा फोटो तिनेच काढलाय. तिच्या उंचीवरून काढल्यामुळे माझी हनुवटी नको तेवढी मोठी दिसतेय, केस तोंडावर आलेत, क्षितिज इतकं तिरकं की समुद्र डावीकडे सांडतोय. फोकस मात्र डोळ्यांवर आहे. हा पंधरावा.