बहिणीची सही तलाठ्याकडे की निबंधकाकडे? : आप्पांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार आप्पा,

वडिलांच्या जमिनीतल्या बहिणींच्या हिश्श्यावर मी लिहिलं, त्यावर 'तुम्ही बहिनीस्ले भांडाले शिकाडी राह्यनात' (बहिणींना भांडायला शिकवताय), असं तुम्ही ठणकावून लिहिलंत. तुम्ही म्हणता, चोपड्याकडे बहिणी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येतात, हिस्सा नको म्हणून तलाठ्यापुढे आनंदाने सही देतात आणि विषय संपतो. 2005च्या आधी लग्न झालेल्या मुलीला हक्कच नाही. नोटरीशिवाय मृत्युपत्राला किंमत नाही, हे तुमचे आक्षेप. शिवाय वडील हयात आहेत तोवरच, त्यांनी घेतलेल्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचं तुम्ही बहिणींकडून लिहून घेणार आहात.

विषय संपतो, हेच मला मान्य नाही. बाप वारला की वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावण्याची नोंद, होतो. 'आमची हरकत नाही' असा बहिणींचा जबाब घेतात आणि सातबाऱ्यावर एकट्या भावांची नावं चढतात. पण फेरफार ही महसुली नोंद. तिने मालकी इकडची तिकडे होत नाही. हिस्सा सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा बहिणीने भावाला विनामोबदला सोडला तर मुद्रांक शुल्क लागतं 500 रुपये. लग्नात आहेराची पाकिटं त्याहून जड असतात! नुसत्या जबाबावर भागवलं की अडतं ते पुढे, जमीन महामार्गात जाते आणि मोबदला यायची वेळ होते तेव्हा. तोवर बहीण नसते, भाचे असतात. भाच्यांना आखाजीची आण घालून भागत नाही.

लग्नाचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगून टाकलंय की मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्माने येतो. लग्न कधी झालं, हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005ला बाप जिवंत होता की नाही, याने फरक पडत नाही. 20 डिसेंबर 2004च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर मात्र ती उकरता येत नाही. (यावल-रावेरचे तडवी, नंदुरबारकडचे भिल्ल-पावरा वाचत असतील तर हा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही, हे ध्यानात ठेवा.)

मृत्युपत्राला ना स्टॅम्प लागतो, ना नोटरी. नोंदणीही ऐच्छिक. साध्या कागदावर लिहा, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिलेली असावी, आणि त्यांनी त्याच्यादेखत सही करावी. साक्षीदार वयाने लहान बघा. उद्या कोर्टात उभा राहायला एक तरी शिल्लक हवा. ज्याला जमीन मिळणार तोच साक्षीदार झाला की कोर्टाच्या भुवया उंचावतात.

आता तुमच्या घरचं. वडिलांनी स्वतः विकत घेतलेल्या जमिनीत त्यांच्या हयातीत बहिणींचा हक्कच नाही, मग त्या सोडणार काय? असा कागद उद्या टिकत नाही. द्यायची तर वडिलांनीच द्यावी, बक्षीसपत्राने (हयातीतच विनामोबदला देण्याच्या दस्ताने) किंवा मृत्युपत्राने. बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं आणि सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटपर्यंत बदलता येतं. म्हणून वडिलांना मी मृत्युपत्रच सुचवेन. बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर 'घेणाऱ्याने सांभाळ करावा' ही अट त्यात घालायला सांगा. सांभाळ झाला नाही तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेण्याची वाट त्यांना राहते. अट तुम्हाला टोचेल, कारण घेणारे तुम्हीच आहात.